पाववाल्याचा तिखट टोस्ट

प्रिय भिंगरी,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू कुठं देतेस? औषध घेतलं का, पाणी प्यायलात का, खिडकी उघडलीत का, यातच माझी पाळी संपते. शिवाय बोलताना माझा आवाज अजून मध्येच फाटतो आणि तू लगेच धसका घेतेस. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. रविवारची दुपार आहे, ओटा पुसून झालाय, आणि सांगण्यासारखी बातमी आहे. आज मी घरी ॲव्होकाडो टोस्ट केला. तोही तिखट, चांगला नाकाडोळ्यांतून पाणी काढणारा. आणि सगळा माझ्या हातचा, पावासकट.

"पावासकट" वाचून तू चष्मा वर सरकवला असशील. बरोबर वाचलंस. आजारपणानंतर मी पिठाला हात लावला नव्हता. बेकरी दुसऱ्याच्या हवाली केली, मोठे साचे देऊन टाकले, घरातला एक छोटा साचा तेवढा माळ्यावर राहिला होता. तो काल काढला. पीठ भिजवलं, मळायला घेतलं आणि दहा मिनिटांत मनगटं म्हणाली, आजोबा, बास. पण हाताला जुनी खोड असते. पिठाच्या गोळ्यात बोट खुपसून काढलं की दबलेलं पीठ हळूच वर यावं, मग समजायचं झालं. ते आलं वर. सकाळी ओव्हनमधून पाव बाहेर काढला तेव्हा एका बाजूला जरा जास्तच फुगला होता, दाढ सुजलेल्या माणसासारखा. दुकानात असता तर मी तो मागच्या बाजूला लपवला असता. आज टेबलाच्या मधोमध ठेवला.

ॲव्होकाडोचं तू शिकवलंस तसंच केलं. देठापाशी बाळाच्या गालाला लावावं तसं हलकं बोट लावून बघितलं. फळवाली म्हणाली, "काका, घ्यायचंय की लाड करायचेत?" मी म्हटलं, "दोन्ही." फळ तळहातावर धरून सुरी मारायची नाही, हे तुझं फर्मान पाळलं. फळीवर ठेवून कापलं, बी काढली, चमच्यानं गर काढून काट्यानं ठेचला, पण अगदी लगदा केला नाही, थोड्या गाठी ठेवल्या. लिंबू लगेच पिळलं, नाहीतर ते काळं पडतं आणि रुसल्यासारखं दिसतं. मीठ घातलं. दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरल्या, बियांसकट. पावाचे जाड काप तव्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजले आणि गरम असतानाच त्यांच्यावर लसणाची पाकळी घासली. तुला सांगतो, जन्म पाव भाजण्यात गेला माझा, पण भाजलेल्या पावावर कच्चा लसूण घासला की जो वास सुटतो तो मला तुझ्यामुळे कळला. वरून ॲव्होकाडो, त्यावर लाल मिरचीचा चुरा, तेलाचे दोन थेंब. बस.

एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारा पत्र काय लिहितोय, असं दुसऱ्या कुणालाही वाटेल. तुला वाटणार नाही. तू ते दिवस बघितलेस.

तू आणि आमचे चिरंजीव वेगळे झालात, त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. त्याबद्दल मी तुला कधी काही विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. कुणी कुणाला फसवलं नाही, कुणी कुणावर हात उगारला नाही. पण दोघंही एका घरात राहून सुकत चालला होतात, ते मला दिसत होतं. ज्या दिवशी तू सामान घेऊन निघालीस त्या दिवशी तू घराची किल्ली टेबलावर ठेवलीस, आणि मी ती उचलून परत तुझ्या हातात दिली. "असू दे," एवढंच म्हणालो. का दिली ते मलाही तेव्हा सांगता आलं नसतं. मग माझ्या घशात ती कॅन्सरची गाठ निघाली, आणि सगळंच उलटंपालटं झालं.

चिरंजीव आले, नाही असं नाही. रजा घेऊन आले, इस्पितळाच्या बाकांवर झोपले. पण पूल बांधणाऱ्या माणसाला पूल अर्धा सोडून किती दिवस राहता येणार? आणि खरं सांगू, तो माझ्याहून जास्त घाबरला होता. मला ठसका लागला की तो पांढराफटक पडायचा. नळ सोडून न्हाणीघरात रडायचा, आणि बाहेर येऊन म्हणायचा, "साबण गेला डोळ्यांत." त्याला परत जावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराचं कुलूप फिरल्याचा आवाज आला आणि तू आत आलीस. खांद्याला तुझ्या चष्म्याच्या दुकानाची पिशवी, हातात फळांची जाळी. मी कसाबसा म्हणालो, "तुझं आता इथे काय काम?" तू चपला काढत म्हणालीस, "काम नाही म्हणूनच आले. काम असतं तर पैसे मागितले असते."

गाठीवर किरणांचा जो शेक देत, त्या शेकण्यानं माझं तोंड आतून सोलून निघालं होतं. थुंकी आटली होती. आणि चव, ती तर पार गेली होती. सूप प्यायलो तर कोमट पाणी, दूध प्यायलो तर खडूची भुकटी. डॉक्टर म्हणायचे, वजन घटतंय, खा. शेजारी म्हणायचे, खा. ज्यानं आयुष्यभर अख्ख्या गल्लीला पाव खाऊ घातला, त्याच्या घशाखाली पावाचा तुकडा उतरेना. दुधात भिजवला तरी कापूस गिळल्यासारखा मध्येच अडायचा. एकदा अडला तेव्हा मी ताटली बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडलो. तू मला समजावलं नाहीस. त्याबद्दल तुझे फार आभार मानायचे राहून गेलेत. लोक समजावत होतेच. तू ताटली उचललीस, धुतलीस आणि दुसऱ्या दिवशी ते हिरवं फळ घेऊन आलीस.

मी ते आधी कधी खाल्लं नव्हतं. पहिला चमचा तोंडात गेल्यावर मी विचारलं, "हे फळ आहे की साबण?" तू म्हणालीस, "तुम्हाला चव कळत नाही ना? मग काय फरक पडतो?" आणि खरंच, फरक पडत नव्हता. ते मऊ होतं, जखमांवरून घासत न जाता उतरत होतं, पोटात राहत होतं. लिंबू नाही, मीठ नावाला, मिरचीचं तर नावच नको. तू रोज संध्याकाळी येऊन ते ठेचायचीस. कधी मी दोन चमचे खायचो, कधी अर्धी वाटी. मी कमी खाल्लं म्हणून तू कधी तोंड पाडलं नाहीस, जास्त खाल्लं म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीस. स्वतःचं खाणं मात्र तू माझ्यासमोर बसूनच खायचीस. माझंच जुनं टेबल, माझाच तवा, आणि तुझा तो टोस्ट. त्यावर एवढी मिरची घालायचीस की तुझ्याच नाकातून पाणी यायचं. मला तेव्हा वाटायचं, ही मुद्दाम करते. आता वाटतं, मुद्दामच करत होतीस, आणि बरं केलंस. घरात कुणीतरी चवीनं खातंय हे बघितल्यावर माणसाला आपली चव आठवत राहते.

मग तो दिवस. तुला फोन आला म्हणून तू बाल्कनीत गेलीस. मी तुझ्या ताटलीतला एक कोपरा मोडून तोंडात टाकला. का? माहीत नाही. कदाचित नुसता करकरीत आवाज ऐकायचा होता. आधी काहीच नाही, तोच पुठ्ठा. आणि मग जिभेच्या कडेला एक टाचणी टोचली. मग दुसरी. मग सगळी जीभ पेटली. मी ठसकलो, डोळ्यांतून धारा, आणि तू फोन टाकून धावत आलीस, पाण्याचा पेला माझ्या तोंडाशी धरलास. मी पेला ढकलला. "पाणी नको," म्हणालो, "जरा राहू दे. तिखट लागतंय." तू मटकन खाली बसलीस, तिथेच फरशीवर. माझं तोंड भाजत होतं आणि मला वाटत होतं, भाजू दे बापडं. जिवंत आहे म्हणून भाजतंय.

त्यानंतर आपली मिरची हळूहळू वाढत गेली. आधी नुसती कापून बाजूला ठेवलेली, मग बिया काढून चिमूटभर, मग अर्धी. मध्ये एकदा तू त्या तुझ्या बंबवाल्यालाही घेऊन आलीस. जिन्यातून माझ्या पलंगाची गादी वर चढवायला हवी होती, असं कारण सांगितलंस. आगीच्या बंबावर काम करणारा धिप्पाड गडी, पण खुर्चीच्या काठावर असा बसला होता जणू खुर्ची काचेची आहे. तू त्यालाही टोस्ट दिलास. पहिल्या घासाला त्याचे कान लाल झाले. मी पाणी पुढे केलं तर म्हणाला, "नको काका, छान आहे." दुसरा घास, तिसरा घास, घामानं सदरा भिजला तरी गड्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली. तो गेल्यावर मी तुला म्हणालो, "एवढ्या आगी विझवल्या, आणि इथे पेल्यालासुद्धा हात लावला नाही." तू हसलीस आणि ताटल्या धुवायला लागलीस, गरजेपेक्षा जास्त वेळ. मी तेव्हाच ओळखलं होतं. माणूस चांगला आहे. तू विचारायच्या आधीच माझं मत देऊन टाकतो.

आता आजचं सांगतो. मी हा सगळा खटाटोप केला तो चिरंजीवांसाठी. तो काल आलाय, दोन दिवसांसाठी. तू गेल्या आठवड्यात फोनवर जे विचारलंस, त्यावर मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. तुला वाईट वाटलं असणार. पण पोरी, मला भीती वाटत होती. तुला हो म्हटलं तर त्याच्या काळजाला ओरखडा, नाही म्हटलं तर तुझ्या, आणि दोघंही माझीच. म्हणून त्याला समोर बसवलं, टोस्ट वाढला. त्यानं एक घास खाल्ला आणि थांबला. म्हणाला, "बाबा, हा तिच्यासारखा लागतोय." मी म्हटलं, "तिनंच शिकवलाय." मग तो खात राहिला आणि मी सगळं सांगून टाकलं. की तू त्या बंबवाल्याशी लग्न करते आहेस. की नोंदणीला साक्षीदार लागतात, आणि तुझ्याकडून उभं राहायला वडीलधारं असं कुणी उरलेलं नाही, म्हणून तू मला विचारलंस.

त्यानं शेवटचा घास संपवला. मग जे म्हणाला ते मला माहीत नव्हतं. म्हणाला, "बाबा, तुमच्या आजारपणात तिला फोन मीच केला होता. मला जमत नाहीये, तू जाशील का, असं विचारलं. ती म्हणाली, जाते, पण तू सांगितलंस हे बाबांना सांगू नकोस, त्यांना वाटेल कुणाच्या सांगण्यावरून आले." एवढं बोलून तो उठला, ताटली धुतली आणि कपाट उघडून माझा राखाडी कोट बाहेर काढला. कॉलर उलटून बघितली. "हा असा घालून जाऊ नका," म्हणाला, "धोब्याकडे टाकतो, शुक्रवारपर्यंत देईल." आत्ता तो कोट घेऊन खालीच गेलाय. म्हणून हे पत्र. मी येतोय. वेळ कळव. आणि तिथे कुणी विचारलंच की हे आजोबा कोणाचे, तर तू उत्तर शोधत बसू नकोस. मीच सांगेन, मी मुलीकडचा.

तुझाच,
बाबा