वीस ठोके

प्रिय दादा,

घर बांधण्याआधी तुझ्या प्लॉटची माती मीच तपासली. चार मीटर खोल गेल्यावर हातोडा मारायच्या आतच तपासणीची सळई आपल्या वजनाने खाली गेली. ड्रिलवाला हसला, "ताई, इथे तर तळं बुजवलंय." तू वहिनीला खोल्या कुठे येणार ते दाखवत होतास. अहवालात मी घट्ट जमिनीत सळई उतरवायला लागतात तसे हातोड्याचे वीस ठोके लिहिले.

सकाळी वहिनी म्हणाली, "बाळाच्या खोलीचं दार घासतंय. लाकूड फुगलं असेल." भर उन्हाळ्यात लाकूड फुगत नाही, दादा. चौकट खचते आहे.

एवढं लिहिलं आणि तुझा फोन आला.

"सुताराने दार तासून दिलं. आता छान लागतं."

मी म्हणाले, "बरं झालं."

तुझी,
धाकटी