जांभळं तेल

४ ऑक्टोबर, मंगळवार

कोपर पुन्हा पेटलं. ते पदराखाली झाकता येतं. पण आज बोटांच्या पेरांवरही खवले दिसले — हेच नको होतं! बोटं कुठे झाकू?

शाळेत गणित शिकवत होते तोवर बरं होतं. हात पांढरा दिसला तरी खडू म्हणून खपून जायचं.

दिवाळीला कांती आणि जावई कोइंबतूरहून येणार. लग्नानंतरची पहिली दिवाळी, म्हणजे आमच्याकडेच. पहाटे जावयाला पाटावर बसवायचं आणि त्याच्या डोक्यावर पहिलं तेल सासूने घालायचं. माझ्या आईने ह्यांच्या टाळूवर असं काही थापलं होतं की ओघळ डोळ्यांत गेला. अजून सांगत असतात सगळ्यांना. मला ते करायचंय. ह्याच हातांनी.

६ ऑक्टोबर

औषधांच्या दुकानातून तेच डांबराचं मलम आणलं. सोबत खवले मऊ करणारं दुसरं. डॉक्टरीणबाईंचं जुनं बोलणं आठवलं — "सौम्य सोरायसिस आहे टीचर, कुणाला लागत नाही. फक्त घासू नका, कोरडं ठेवू नका."

मलमाचा वास घरभर. हे म्हणाले, "काय टीचर, रस्ता कधी पूर्ण होणार आमचा?"

हसले. पण मग खिडकीत जाऊन बोटं हुंगून पाहिली.

८ ऑक्टोबर

नणंद येऊन गेली. सेंबगम अक्का. मुरुक्कू खात खात, अगदी गोड आवाजात — "जावयाला तेल मी घालते हो. तुझे हात असे... नव्या माणसाला कशाला बिचकवायचं?"

मी काय म्हणाले? "बघू!" जन्मभर वर्गात ओरडले आणि घरात "बघू"!

ती गेल्यावर न्हाणीघरात शिकेकाई आणि नारळाचा काथ्या घेतला आणि घासत बसले. घासघास घासले. जाऊच दे एकदाचं सगळं!

९ ऑक्टोबर

रक्त आलं. जिथे नव्हतं तिथेही लाल झालंय. गाढव आहे मी.

१२ ऑक्टोबर

काथ्या फेकून दिला. अंघोळ कोमट पाण्याने, अंग ओलं असतानाच खोबरेल. वांगं बंद, सुकी मासळी बंद — त्याने काही होतं की नाही देव जाणे, पण काहीतरी सोडल्याशिवाय चैन पडत नाही.

झाडपाल्याच्या दुकानातून वेट्पालैची पानं आणली, खवल्यांवर चालतात म्हणे. खोबरेलात बुडवून काचेच्या बरणीत घातली. आता ऊन हवं. उन्हात तेल जांभळं झालं की समजायचं तयार. आणि ऐप्पसी महिन्याचा पाऊस तोंडावर आलेला, ऊन मागायचं कुणाकडे? बरणी ओट्यावर, बरणी गच्चीवर, शिंतोडे आले की बरणी आत. दिवसभर माझी नुसती ये-जा. हे म्हणतात, "तान्हं बाळ असतं तरी एवढं फिरवलं नसतंस."

१५ ऑक्टोबर

कांतीचा फोन. इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच — "अम्मा, ह्यांच्या डोक्याला तेल नको घालायला. नावाला एक थेंब. जमल्यास तोही नको."

"का गं?"

"नाही आवडत त्यांना."

फोन ठेवला. सांगितलं असणार हिने माझ्या हातांचं. पोटची पोर! आणि जावईबापूंना किळस आली. येऊ दे. अक्का घालेल. माझं काय अडलंय?

नंतर भात करपवला.

१८ ऑक्टोबर

जावयासाठी शर्ट घेतला, गडद निळा, सुरेख. फोटो पाठवला. कांतीचं उत्तर — "पांढराच घे अम्मा. गडद रंग ते घालत नाहीत."

तेल नको, रंग नको! लग्नातही पांढरा, नंतर आला तेव्हाही पांढरा. किती नखरे एका माणसाचे! बदलून आणला.

२१ ऑक्टोबर

तेल जांभळं झालं! दोन दिवस ऊन पडलं आणि झालं. लावायला लागले. खवले मऊ पडलेत, लाली आहे. बरणी पुसलेलं फडकं ह्यांच्या नेसत्या पांढऱ्या वेष्टीवर पडलं आणि भलामोठा जांभळा डाग.

"आता हा रंग बघून लोक मला कुठल्या पक्षाचा समजणार?"

"तुम्हाला कोण घेतंय पक्षात!"

२३ ऑक्टोबर, रविवार

आले दोघं. इलंगो तसा भला वाटतो. नमस्कार केला, "अत्तै, बारीक झालात" म्हणाला. कॉफी देताना पदरात हात गुंडाळून टंबलर पुढे केला, तर पदर घसरला. त्याने बोटांकडे पाहिलं. पाहिलंच! आणि नजर खाली. मग जेवताना पुन्हा पाहिलं. मी पानावरून लवकरच उठले.

स्वयंपाकघरात कांतीला म्हटलं, "उद्या सेंबगम आत्या घालेल तेल."

तर ही भांडं आपटून — "आत्या नको! तूच घाल. आत्ताच त्यांनी सांगितलंय मला. तूच."

काल थेंब नको, आज मीच हवी. दया आली असेल बाईची. दयेचं तेल घालायचं का मी? समजत नाही. झोप येईल असं वाटत नाही.

२४ ऑक्टोबर, दिवाळी

अक्का वाटी घेऊन पुढे झालीच होती. मी तिच्या हातातून घेतली. इलंगो पाटावर मान खाली घालून बसला होता, खांदे ताठ. तेल टाळूवर घातलं, बोटं केसांत घातली — आणि कानामागे ती लागली. तीच खरखर. तेच खवले. माझ्या बोटांना कुणी सांगायला नको.

म्हणून तेल नको, म्हणून पांढरा शर्ट! गणिताची बाई म्हणे मी!

तो पुटपुटला, "अत्तै, कुणाला बोलू नका... काल तुमचे हात पाहिले आणि वाटलं, तुम्हाला चालेल."

मला रडू आलं. वाटी खाली ठेवली आणि आतून बरणी आणली. चोळलं भरपूर, आईसारखं, ओघळ येईपर्यंत. अक्का "हे कसलं गं तेल?" म्हणत राहिली. म्हणू दे.

अंघोळीनंतरही नव्या शर्टाची कॉलर जांभळी झाली. ते बघून हे म्हणाले, "या माप्पिळ्ळै, या जावईबापू! आमच्या पक्षात आता दोघे झालो."