आईच्या मापाची पिकअप

आबा, मी गाडी खाली आणली. खाली म्हणजे घाट उतरवून नव्हे, तिची उंचीच कमी केली. चांगली अडीच इंच, मुद्दाम. आणि चाकं मात्र मोठी बसवली. तुम्ही असतात तर हे वाक्य फोनवर सांगायचीसुद्धा माझी छाती झाली नसती. जन्मभर तुम्ही कराडच्या हायवेवर ट्रक उचलून दिलेत. उसाच्या गाड्या मागून बसल्यासारख्या यायच्या. तुम्ही त्यांच्या पाट्यांत, त्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांत, आणखी एक पट्टी सारायचात, आणि जाताना गाडी कशी ताठ मानेनं जायची. तुमचा मुलगा इकडे लंडनच्या हॅरोत स्वतःचं वर्कशॉप काढून बसला, चार माणसं हाताखाली ठेवून आहे, आणि त्यानं स्वतःच्या पिकअपचा एक पाटा काढून भिंतीला टेकवून ठेवला. चिडा, पण कारण ऐकून मग चिडा.

कारण आई. तिचा गुडघा बदलून आता चौथा महिना चाललाय. चालते छान, काठी केव्हाच कोपऱ्यात टाकली, पण घराबाहेर पडायला तयार नाही. तुमच्या सुनेच्या छोट्या गाडीत बसायचं तर विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं, आणि बाहेर येताना दोघांनी ओढावं लागतं. माझी पिकअप उलट. पायरीवर पाय ठेवायचा तर गुडघा छातीला लागेल. मी म्हटलं, "आई, मी उचलून बसवतो." तर म्हणाली, "मी काय सिलिंडर आहे?" मिनीकॅब बोलवू का विचारलं, तर त्याहून वर: "मुलाचा गाड्यांचा कारखाना, आणि मी भाड्याच्या गाडीतून मैत्रिणीकडे जाऊ?" ही मैत्रीण म्हणजे कराडची, आपल्या मागच्या आळीतली, लोणच्याच्या बरण्या घेऊन यायची ती. सहा वर्षं रीडिंगला लेकाकडे होती. आता कायमची परत निघाली होती. तिकीट काढलेलं, रविवारचं. दोघी रोज फोनवर तासभर बोलायच्या आणि शेवटी रोज तेच, "ये ना गं एकदा," "बघते गं." आई फोन ठेवून खिडकीतून माझ्या पिकअपकडे अशी बघायची, जशी तुम्हाला जेवायला उशीर झाल्यावर तुमच्याकडे बघायची.

तर मी ठरवलं, आई वर चढत नाही ना, मग गाडी खाली येईल. पुढे आखूड स्प्रिंगा घातल्या, मागचा एक पाटा काढला. टेप लावून बघितलं तर सीट बरोबर आपल्या जेवणाच्या खुर्चीएवढ्या उंचीला. महाराष्ट्र मंडळातला एक मित्र दारावरून जाताना थांबला. "काय रे, चारही पंक्चर?" मुलगी रुग्णालयातली ड्युटी संपवून आली, तिने गाडीभोवती फेरी मारली आणि जाहीर केलं, "बाबा, धिस इज अ टोटल मिडलाइफ क्रायसिस." तिला म्हटलं, आजीसाठी केलंय. "चाकं पण आजीसाठी?" म्हणाली. पोरगी इथे जन्मली, तिच्या मराठीत गाडी कधी बसतो तर कधी बसते, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवते. हा गुण तिच्या आजोबांचा.

इथे गाडीत काहीही बदललं की इन्शुरन्सला कळवावं लागतं. फोनवरची बाई अतिशय गोड. "रीझन फॉर मॉडिफिकेशन, सर? परफॉर्मन्स, अपिअरन्स ऑर अदर?" मी म्हटलं, अदर. "कुड यू स्पेसिफाय?" मी म्हटलं, "माय मदर." पलीकडे टाइप करायचं थांबलं. मग तिने विचारलं, "अँड विल शी बी द मेन ड्रायव्हर?"

मैत्रीण निघायच्या आदल्या रविवारी आई स्वतः चालत गेली, स्वतः दार उघडलं, आधी बसली आणि मग दोन्ही पाय आत घेतले, फिजिओवाल्या मुलीनं शिकवलं तसे. कुणाचा हात नाही. मी आरशात बघत होतो. मागच्या सीटवर सून, नात, आणि हौद्यात दोन मोठे डबे, एकात चिवडा आणि एकात बेसनाचे लाडू, अख्ख्या रीडिंगला पुरतील एवढे. निघालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक स्पीड हंप आहे. त्यावरून मागचं चाक उतरलं आणि मला ऐकू आलं: खर्र्र. बारीक. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. पण कान तुम्हीच दिलेत ना. तुम्ही डोळे मिटून फळीवर बसायचात आणि हायवेवरून जाणाऱ्या ट्रकचा कितवा पाटा तुटलाय ते सांगायचात. मी रेडिओ मोठा केला. आईनं हात पुढे करून तो बंद केला. तिच्या कानात मशीन आहे, आबा, तरीही.

"टायर मडगार्डला घासतोय," आई म्हणाली.

"थोडंसंच. जाईल तसं."

"ते असते तर सगळ्यांना इथेच उतरवलं असतं." मग जरा थांबून, "तू माप घेतलंस तेव्हा गाडीत कोण होतं?"

कुणी नव्हतं. हीच ती चूक, आणि ती तुमच्या मुलानं करावी! तुमचा नियम मला पाठ आहे: रिकाम्या गाडीचं माप घ्यायचं नाही. ट्रक आला की तुम्ही आधी हाका मारायचात. ड्रायव्हर चढ, क्लीनर चढ, समोरचा चहावाला कप खाली ठेवून चढायचा, वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं चढायची, आणि शेवटी घरातून आईला बोलावणं. ती पिठाचे हात घेऊन यायची, तुम्ही हात देऊन तिला केबिनमध्ये चढवायचात, ती तोंड फिरवून बसायची, तुम्ही खाली वाकून टेप लावायचात. माप झालं की सगळे खाली. आई पुन्हा पोळ्यांकडे. "मला काय वजनकाट्यावरचं माप समजलात का?" हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच म्हणत असतील.

आम्ही गाडी वळवून घरी आलो. डबे स्वयंपाकघरात परत. आईनं फोन उचलला. मैत्रिणीला फोनवर एवढंच म्हणाली, "गाडीचं थोडं काम निघालंय." तिकडून काय उत्तर आलं ते मला पलीकडच्या खोलीतून ऐकू आलं. रडणं ऐकू यावं एवढे चांगले कान कुणाला असू नयेत.

सोमवारी सकाळी मी सगळे पाटे सोडवले, भिंतीचा पाटा उचलला आणि पश्चिम लंडनमधल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या पाटेवाल्याकडे गेलो. त्याला म्हटलं, पाटे सगळे हवेत, फक्त त्यांची कमान सपाट करून दे. गाडी खालीच राहील, पण वजन घेईल. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हू टॉट यू दॅट?" मी म्हटलं, "माय डॅड." "गुड मॅन," म्हणाला आणि कामाला लागला. तुम्हाला इंग्रजीत मिळालेलं हे पहिलंच सर्टिफिकेट असावं.

शुक्रवारी दुपारी मी रीतसर माप घेतलं. सून मागे, नात मागे, हौद्यात डबे. मी टेप धरणार, माझ्या जागी एक माणूस कमी पडत होता म्हणून शेजारच्या इंग्रज गृहस्थाला हाक मारली. निवृत्त बस ड्रायव्हर आहे, हातात चहाचा मग. "यू वॉन्ट मी टू जस्ट सिट?" "जस्ट सिट." बसला बिचारा, चहा सांभाळत, समोर बघत, जणू कुणी त्याचा फोटो काढतंय. शेवटी आईला बोलावलं. ती आली, दार उघडलं, बसली, पाय आत घेतले, आणि म्हणाली, "म्हणजे इथे येऊनही मीच वजन."

मी चाकापाशी वाकलेला. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं आरामात जात होती. आणि वरून तिचा आवाज आला, खिडकीतून, अगदी साधा, तक्रार नसलेला. "एवढी वर्षं ट्रकमध्ये बसले रे. शेकड्यानं बसले असेन. एकदासुद्धा गाडी हलली नाही. बसायचं, माप व्हायचं, उतरायचं. त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही, हिला कुठे जायचं असेल म्हणून."

आबा, हे तुम्हाला लागावं म्हणून लिहीत नाही. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं, आणि मी तर तिथेच बाजूला उभा असायचो, टेपचं दुसरं टोक धरून.

शनिवारी गेलो. हंपवर सगळे गप्प झाले, शेजाऱ्यानेही कुंपणापलीकडून कान दिला. काही नाही. पुढे एम फोर हायवेवर पिकअप रस्त्याला अशी चिकटून चालली की आई म्हणाली, "जमिनीवरून चालल्यासारखं वाटतंय." रीडिंगला त्या दोघी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. लाडवांच्या डब्याकडे दुपारपर्यंत कुणी बघितलं नाही. येताना आई झोपली, मान माझ्याकडे कलती करून, आणि मी रेडिओ लावला नाही.

आता हे पत्र कुठे टाकणार? टपालाचं काम नाही. एमओटीच्या, म्हणजे इथल्या गाडीच्या वार्षिक तपासणीच्या, कागदांबरोबर पिकअपच्या कप्प्यात ठेवतो, तिथे तुमचा फोटो आहेच. पण बंद करण्याआधी एक सांगून टाकतो. कॉलेजात असताना मी आपल्या जीपच्या चाकांच्या डिस्क चंदेरी रंगवल्या होत्या. तुम्ही एक फेरी मारलीत, "वरातीची घोडी आहे का ही?" म्हणालात, आणि रॉकेल आणि चिंधी हातात दिलीत. दुपारभर पुसत होतो. पाटेवाला परवा म्हणत होता, जुनी चाकं परत लावलीस तर मडगार्डला आणखी जागा मिळेल. मी म्हटलं, बघू. बघणार नाहीये. गाडी खाली आणली ती आईसाठी, हे खरं. चाकांचं मात्र इन्शुरन्सच्या बाईला मी खोटं सांगितलं. खरं उत्तर होतं, अपिअरन्स.