हातगुण

१४ मार्च

श्री गजानन प्रसन्न. पोहोचलो एकदाचे रायपूरला. वर्ध्याहून सामानाचा टेम्पो आमच्या आधीच येऊन उभा होता. लोणच्याची एक बरणीसुद्धा फुटली नाही, याला महाराजांची कृपाच म्हणायची.

घर गुढियारीत आहे, मालधक्क्याच्या अलीकडे. गोदूमावशीचे यजमान रेल्वेत होते तेव्हा त्यांनी बांधलं. दोन पक्क्या खोल्या, स्वयंपाकघर, मागे अंगण. अंगणात शेवगा आहे, इथे त्याला मुनगा म्हणतात. शेंगा नुसत्या लगडल्यात. उन्हाळाभर भाजीची चिंता मिटली. देवघर मावशीने फार धूळ खात ठेवलं होतं. ते आधी धुतलं, महाराजांची तसबीर लावली, दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला, मग चहा टाकला.

मावशी म्हणजे माझ्या आईची सख्खी मोठी बहीण. पोटचं कोणी उरलं नाही. जी सांभाळेल तिच्या नावे घर करते, असं तिने कळवलं होतं. ह्यांचं वर्ध्याचं काम सुटलेलंच होतं, इथे एका धान्याच्या गोदामात लागले. अनुश्री इथल्याच नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचं होस्टेल सुटलं, पोरगी घरचं जेवेल. आणखी काय पाहिजे माणसाला?

मावशीला मी माझ्या लग्नानंतर पाहिलंच नव्हतं. अंथरुणात नुसती हाडं आहेत, वर कातडं. पण हात बघून मी चमकले. मनगटापासून पुढे दोन्ही हात भरलेले, गुबगुबीत, तुकतुकीत. बाळंतिणीचे असावेत तसे.

मला म्हणाली, आली काय वं, घर घ्याले? मी म्हटलं, तुझी सेवा कराले आली. तर हसली. म्हणे, पोट्टीले आणली ना सोबत? मग बरं केलं.

२१ मार्च

आता घडी बसली. ह्यांचा डबा, अनूचा डबा, मग मावशीचं अंग पुसणं. म्हातारी तोंडाची फार वाईट. वरणात मीठ नाही म्हणून वाटी भिरकावली. रेशनचा तांदूळ मला घालते, म्हणाली. मी मुकाट्याने फरशी पुसली. तूर काय भाव झाली आहे तिला कुठे ठाऊक!

एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. रोज मागच्या फाटकाशी बाया येतात, कडेवर आजारी लेकरं घेऊन. परवा तर अभनपूरहून एक आली होती. मावशी पडल्या पडल्या लेकराच्या पोटावर हात फिरवते. रडणारं शांत होतं, ताप उतरतो. मी डोळ्यांनी पाहिलं. घेत काही नाही, नारळसुद्धा नाही. देवीची कृपा असल्याशिवाय असा हातगुण येत नाही.

पण त्या बाया आमच्या घरचं पाणी पीत नाहीत. ऊन एवढं, मी तांब्या पुढे केला तर पदर तोंडावर घेऊन चालत्या झाल्या. शेजारच्या शारदा दीदीला विचारलं, असं काहून? ती म्हणाली, हव दीदी, हात गुणाचा आहे, पण तो परक्यांसाठी. तुमची पोरगी मोठी गोड आहे, तिला होस्टेललाच ठेवायची होती. मी म्हटलं, होस्टेलचे पैसे तू भरशील काय? दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड घरीच केलं. मावशीच्या खोलीत एका मुलीचा फोटो आहे, दोन वेण्या, त्याला हार घातला. मावशीची इरावती. लहानपणीच गेली. कशाने गेली विचारलं तर मावशी म्हणाली, माझ्यानं.

डॉक्टर येऊन गेले. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, या बाई खरं म्हणजे कधीच जायला हव्या होत्या, कशावर टिकून आहेत समजत नाही. मावशीला ऐकू गेलं. ओरडली, मी काय हौसेनं टिकली काय? कोणी घेऊन नाही राहिलं तर जाऊ कशी?

मला वाटलं, घराबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, घेऊ ना आम्ही, कागद तर होऊ दे. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मी उठून स्वयंपाकघरात आले.

८ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं. गौर मांडली, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. पाऱ्यातलं, म्हणजे इथल्या मोहल्ल्यातलं, कोणी आलं नाही. तात्यापाऱ्यातून दोन मराठी बायका आल्या, त्यांनीही कुंकू लावून घेतलं आणि ओटी न घेताच उठल्या. डाळ एवढी उरली. मी चिडून आवरत होते, तेवढ्यात मावशीने हाक मारली. म्हणे, सूप आण इकडं, मी भरतो तुई ओटी.

विधवेने ओटी भरू नये, हे मला शिकवलेलं. पण आता हे कोण मानतं? आणि मरायला टेकलेल्या आपल्याच मावशीने भरायला घेतलेली ओटी नाही कशी म्हणायची? पुढ्यात आलेली ओटी परतवत नाहीत, हेही शिकवलेलंच. मी पदर पसरला. तिने तांदूळ घातले, हळकुंड, सुपारी, नारळ, वर हिरवं खणाचं कापड. ओंजळ रिकामी झाली तशी तिच्या हातांची सूज उतरावी तसं झालं. माझ्या डोळ्यांदेखत. बोटं वाळलेल्या शेंगांसारखी.

मग ती बोलली. माह्या मायनं मले देलं, मी तुले देलं. आता परक्याच्या लेकराले तू हात लावशील, ते उठून बसंल. पण जे बरं करते ना, त्याले भूक आहे, ते उपाशी नाही राहत. ते घरचं खाते. नवरा नाही खात, जावई नाही खात. रक्ताचं खाते. माई इरावती खाल्ली. तुई माय खाल्ली.

माझी आई साध्या तापाने गेली होती. मी म्हटलं, असं होतं तर मला काहून सोडलं? म्हणाली, तुले सोडलं नाही वं, द्याले ठेवली.

ऊन उतरायच्या आत गेली. चेहरा शांत, हसरा. म्हातारं माणूस, शेवटी भ्रम होतो. देव तिला सद्गती देवो.

२० एप्रिल

सगळं यथासांग पार पडलं. तेरवीला पाऱ्यातलं कोणी जेवलं नाही, अन्न गोशाळेत दिलं.

आज एक बाई मागच्या फाटकाशी येऊन बसली. मावशी गेली म्हणून सांगितलं तरी हलेना. लेकरू मान टाकून पडलेलं. मलाच राहवलं नाही. महाराजांचं नाव घेतलं आणि पोटावर हात ठेवला. लेकराने डोळे उघडले, माझ्या बांगडीशी खेळायला लागलं! मी, साधी मॅट्रिक झालेली बाई, माझ्या हातून हे झालं. डोळ्यांत पाणी आलं. देवापुढे साखर ठेवली.

बांगड्या घट्ट होऊन राहिल्या आहेत. उकाड्याने हात सुजले असतील.

अनू कॉलेजातून आली ती डोकं धरून. ऊन लागलं. पन्हं दिलं, कांदा लावला.

२४ एप्रिल

रोज लेकरं येतात. रोज बरी होतात. रोज अनूचा ताप चढतो.

दवाखान्यात रक्त तपासलं. काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, पोरगी खात नसेल. खाते हो! माझ्या हातचं दोन वेळा पोटभर खाते आणि तिच्या गळ्याची हाडं वर येऊन राहिली आहेत. माझे हात पाहा. बांगड्या साबण लावूनसुद्धा निघाल्या नाहीत, ह्यांनी मला सराफाकडे नेऊन त्या कापून घेतल्या. मावशीचे होते तसे झालेत. तुकतुकीत.

ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, सुशीला, तू थकली आहेस, थोडी पडून राहा. ह्यांना काय! ह्यांना ते खात नाही.

२७ एप्रिल

आजपासून कोणाला हात लावायचा नाही ठरवलं. फाटकाला कुलूप घातलं. हातांना फडकी गुंडाळली.

दुपारी फाटकाबाहेर गर्दी. आधी हात जोडले, मग शिव्या. शारदा दीदीच पुढे. म्हणाली, म्हातारीनं कधी नाही म्हटलं नाही, तू कोण मोठी लागून गेली? तुझी एक पोरगी वाचवायला पाऱ्यातली पोरं मारशील काय? म्हणजे हिला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच पाणी पीत नव्हते. मागून कोणी तो शब्द ओरडलं. टोनही. चेटकीण. एक वीट देवघराच्या खिडकीतून आत आली.

मी त्यांना हाकलायला फाटकाशी गेले, तर एकीने वरून सरळ तिचं लेकरू माझ्या अंगावर टाकलं. पडू कसं देऊ? झेललं. फडकं सुटलं. लेकरू रडायचं थांबलं.

आत भांडं पडल्याचा आवाज आला. अनू स्वयंपाकघरात जमिनीवर होती.

३० एप्रिल

अक्षय तृतीया. पोरीला धरून धरून जुन्या देवीच्या देवळात नेलं. मावशीने दिलेली ओटी मी मोडली नव्हती, डब्यात होती. तेच तांदूळ, तोच नारळ, तोच हिरवा खण. देवीची ओटी भरायची, बये तुझं तू घे म्हणायचं. माणसाकडून माणसाकडे जातं ना, मग देवीकडे का जाणार नाही? दुसऱ्या कोणाच्या लेकीला कशाला?

भरली. पदर पसरून रडले. हात हलके झाले, खरंच झाले, महाराज.

आणि पुजारीबुवांनी तो नारळ आणि खण देवीपुढून उचलला. कुमारिका आहे, आजारी दिसते, घे बाळ देवीचा प्रसाद, म्हणून अनूच्या ओढणीत घातला. वरून तांदूळ. देवळात तसंच करतात. आपल्याकडे सगळीकडे तसंच करतात. हे मला कसं सुचलं नाही? मी अहो अहो म्हणेपर्यंत तिने ओढणी कपाळाला लावली होती.

पायऱ्या उतरताना तिचा ताप गेला. माझा हात तिने सोडला. रसवंती दिसली तर म्हणाली, आई, रस पिऊ या.

३ मे

अनू जेवते, गाणं गुणगुणते. गाल भरले. बोटं भरली.

माझी मनगटं काड्या झालीत. काल अनू शारदा दीदीच्या नातवाला खेळवत होती. त्याचा खोकला गेला. त्याच वेळी मी अंगणात बसले ती उठताच येईना.

तिच्या रक्ताची मीच आहे. दुसरं कोण?

ती मला परत देऊ शकते. एक ओंजळ तांदूळ लागतील. पण परत घेतलं तर ते पुन्हा तिच्यावर येईल. नाही घेणार. तिला सांगणारही नाही. सांगितलं तर ती ऐकायची नाही, आत्ता सूप घेऊन बसेल. माझी पोरगी आहे ती.

हे डॉक्टर आणतो म्हणाले. नको म्हटलं. फुकटचा खर्च.

५ मे

अनूला आजपासून वॉर्डात काम. लहान मुलांचा वॉर्ड. पांढरा गणवेश घालून नमस्काराला वाकली. डोक्यावर ठेवायला हात उचलू गेले, उचलवला नाही. तिनेच धरून ठेवून घेतला.

तिच्या वॉर्डात खाटा किती, विचारलं नाही.

दुपारी — एकदा. मग लगेच दुसऱ्यांदा. डावा पाय —

६ मे

हे लिहायला फार —

अनूचा फोन आला. हसत होती. आई, सिस्टर म्हणतात माझ्या हाताला गुण आहे, ज्याला धरते तो उठतो. पलीकडच्या वॉर्डात एक पोरगा आहे, त्याची माय सकाळपासून रडून राहिली. आमची ड्यूटी नाही तिकडे. जाऊ का?

मी हो म्हटलं. जा म्हटलं. त्याची माय —

छातीवर कोणी बसल्यासारखं —

महाराज, एक राहिलंच. हे माझ्या लक्षात कसं — मी संपले की ते उपाशी राहील. ते राहत नाही उपाशी. मावशी म्हणाली होती. तिच्या रक्ताचं मग कोण उरतं — उद्या तिला लेकरू झालं की — तिच्याच पोटचं —

ह्यांना हाक मारते. आवाज निघत नाही. फोन लावा म्हणावं. अनू, हात काढ, कोणालाच नको, त्या पोराला पण न