पेढे काहून?

शिवहार लेकरा,

हे पत्र धाडणार न्हाई, म्हणूनच खरं लिहून राहिलो.

तू तिकडं सरहद्दीवर, अन् मी हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचा दलाल. तोफगोळे बनवणाऱ्या एका खाजगी कंपनीचे शेअर मी घेतले, हे तुला बोललो न्हाई. परवा लढाईची बातमी आली अन् त्यांचा भाव एकदम चढला. हळद चढली की आमी मोंढ्यात पेढे वाटतो; त्याच सवयीनं वाटले. उरलेला पुडा घरी नेला, तर तुझी आई पळत दारात आली.

"पेढे काहून? शिवहार सुट्टीवर येऊन राहिला का हो?"

पुडा तिच्या हातात देऊन मी आत निघून गेलो.

शेअर अजून विकले न्हाईत. रोज उठल्या उठल्या फोन घेतो. तुझा मेसेज बघतो, अन् भाव बघतो. आधी काय बघतो, ते विचारू नको.

तुझा बाप,
भुजंग