तिसऱ्यांदा सरकलेली वाटी

संयोगिता,

औषधाच्या गुंगीत हायेस म्हणून उठवलं न्हाय. मी तालमीत गेलोय, रविवारच्या कुस्त्यांच्या मैदानातनं तुझं नाव काढायला. दिवेलागणीपत्तोर येतो.

बर्फ फ्रिजात हाय. टॉवेलात गुंडाळून लाव, नुसता लावू नकोस. गुडघ्याचा पट्टा सहा आठवडे सोडायचा न्हाय. हळद-तेलाची बाटली मी माळ्यावर टाकलीया, हुडकू नकोस.

सकाळी दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईनं ना ओढलं, ना झटका दिला. बोलत बोलत पाय हळूहळू सरळ केला आन् गुडघ्याची वाटी आपसूक जागेवर गेली, कळंब्याच्या तळ्यात कासव शिरावं तशी. मी बघतच ऱ्हायलो. तीस वर्सं तालमीतल्या पोरांच्या वाट्या मीच बसवल्या. तुझी बी दोनदा बसवली, आन् दोन्ही खेपंला दुसऱ्याच दिवशी बैठका मारायला लावल्या.

दुपारभर तुझ्या उशाशी बसलो हुतो. खिडकीतलं ऊन तुझ्या पायावरनं सरकत सरकत भिंतीवर गेलं. झोपेत तुझी बोटं हलत हुती, कुणाची तरी पकड सोडवत असल्यागत. मग तू बोललीस, मी वाटी बसवताना वरडायचीस तशी, अगदी लहानपणीच्या आवाजात, "आबा, हात नका लावू."

म्हणून पांघरूण घातलं न्हाय. पायथ्याशी घडी करून ठेवलंय. थंडी वाजली तर तुझं तू वढून घे.

आबा