खाऱ्या पाण्यातला हात

बाबा, मागच्या रविवारी मी माझ्या मुलीला मारलं. तिच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच.

अकोट्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये समुद्री माशांची चार फुटी टाकी आहे. तुम्ही ती पाहिली नाहीत. मीठ मोजून पाणी करावं लागतं, थंडीत हीटर लागतो. रविवारी सकाळी हीटरची काच तडकली आणि पाण्यात करंट उतरला. दोन्ही केशरी मासे काचेवर डोकी आपटत होते. मी बोर्डावरचं बटण बंद केलं. त्याच बोर्डावर पंप होता, तोही थांबला. घाईत मी हीटरचा प्लग काढला नाही. कोपरापर्यंत हात घालून हीटर सोडवू लागलो. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मुलगी धावत आली, नेहमीसारखी अर्धं गुजराती बोलत. "पप्पा, पंप बंद छे! मरतील ना ते!" मी 'थांब' म्हणेपर्यंत तिने बटण दाबलं.

हात खांद्यापर्यंत आखडला. मुठीत हीटर फुटला. मी मागे भिंतीवर आदळलो, म्हणून सुटलो. पाणी लाल होत होतं. मी उठलो, बटण बंद केलं आणि त्याच रक्ताच्या हाताने तिच्या तोंडात मारली. ती दारावर आपटली. मग परत मारली. तिचा ओठ फाटला.

"तूच म्हणाला होतास ना, पंप बंद पडला की मासे मरतात," ती म्हणाली. रडली नाही.

तुम्हाला पाणीगेटच्या आपल्या जुन्या घरातला कूलर आठवतो? तुमच्या कारखान्यातला एक फिटर मशीनमध्ये हात असताना गेला. दुसऱ्याने फ्यूज परत लावला होता. तेव्हापासून काहीही दुरुस्त करताना तुम्ही फ्यूज काढून खिशात ठेवायचात. एकदा तो खिशात घेऊनच ड्युटीवर गेलात आणि आई दिवसभर पुठ्ठ्याने वारा घेत बसली. "ह्यांनी पंखा खिशात नेलाय," असं शेजारणीला सांगत होती.

त्या मे महिन्यात मी बारा वर्षांचा आहे. तुम्ही कूलरच्या पाण्यात हात घालून पंप सोडवताय. आत आईचा जीव उकाड्याने कासावीस झालाय, म्हणून मी खणातला दुसरा फ्यूज लावतो. तुम्ही ओरडतही नाही. फक्त कूलर हादरतो. मग तुम्ही कूलरचा रबरी पाइप ओढून काढता आणि मी जमिनीवर पडेपर्यंत मारता. आई मध्ये येते, तिलाही एक बसतो. पाठीवरचे वळ पंधरा दिवस होते. तुमच्याशी मी पुढे फारसा बोललोच नाही. तुम्ही गेलात तेव्हाही डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

मासे दुपारपर्यंत मेले. मुलीने स्वतः जाळीने काढले. माझ्या तळहाताला सहा टाके आहेत, तिच्या ओठाला दोन. रात्री तिच्या खोलीच्या दारात उभा राहून मी म्हणालो, "घाबरलो होतो गं. आजोबाही घाबरले की असेच मारायचे." तिने मान हलवली. तिला ते पटलं असावं.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून लिहितो. पहिली थप्पड भीतीची होती. दुसरीच्या वेळी माझी भीती गेली होती, आणि मारताना मला बरं वाटलं.